हॉर्न, पराठा आणि थोरली भाषा

अबुधाबीला लोक मशीद पाहायला जातात, वाळूत गाडी उडवायला जातात, नाहीतर मुलाकडे नातवंडं सांभाळायला जातात. मी गेले ती एका संगणकभाषेच्या व्याकरणात तीन चिन्हं वाढवून मागायला. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने येण्याचं कारण विचारलं, तेव्हा खरं सांगायला मी तोंड उघडलंही होतं. मग मागची रांग पाहिली आणि "टूरिस्ट" म्हणून मोकळी झाले.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. तीस वर्षं मी सोलापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कंपायलर शिकवला. म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा रूपात कसा आणायचा, हा विषय. मुलं त्याला घाबरतात, त्यामुळे तो शिकवणाऱ्याकडे निकालानंतर कुणी पेढे घेऊन येत नाही. नेल्सन तुस्कानो हा अपवाद. वसईहून आलेला, मागच्या बाकावर बसणारा, परीक्षेत जेमतेम आणि लॅबमध्ये अफाट. आता तो अबुधाबीत एका हॉटेल कंपनीत आहे आणि तिथे त्याने स्वतःची एक छोटी भाषा बनवली आहे. तिचं नाव सांगकाम्या. हाउसकीपिंगचे सुपरवायझर तीत आपापले नियम लिहितात: पाहुणा गेला की खोली तपास, बरोबर लहान मूल असेल तर पाळणा ठेव. हे लोक केरळचे, नेपाळचे, फिलिपिन्सचे. प्रोग्रॅमिंग कुणीच शिकलेलं नाही, आणि अकरा वर्षं ते बिनबोभाट प्रोग्रॅम लिहीत आहेत. मी शिकवलेल्या कितीतरी मुलांबद्दल मला हे म्हणता येणार नाही.

पण सांगकाम्या भाड्याच्या खोलीत राहते. ती उभी आहे जगभर वापरल्या जाणाऱ्या एका मोठ्या भाषेवर. आम्ही दोघं त्या भाषेला थोरली म्हणतो. थोरली कडक शिस्तीची: कोणतं काम कोण करणार ते प्रोग्रॅम सुरू होण्याआधी लिहून द्या. धाकटीला, म्हणजे सांगकाम्याला, ते जमत नाही. 'खोली तपास' म्हटल्यावर ते कुणी करायचं आणि कसं, हे तिला ऐनवेळी ठरवावं लागतं, कारण सुपरवायझर नियम भर दुपारीही बदलतात. म्हणून नेल्सन थोरलीच्या मागच्या दाराने आत शिरून काम भागवत होता. जगातले असे सगळे भाषा बनवणारे त्याच दाराने ये-जा करतात. आता सुरक्षेसाठी ते दार पुढच्या आवृत्तीत बुजवणार, असं थोरलीच्या समितीने जाहीर केलं होतं. दार बुजलं की सांगकाम्या संपली.

आमचा प्रस्ताव एवढाच होता की आम्हाला पुढचं दार द्या. तीन चिन्हं. एकाने धाकटीतली कसलीही नावं, मधे जागा असलेलीसुद्धा, थोरलीत जशीच्या तशी लिहिता यावीत. दुसऱ्याने 'नाव आत्ता घे, कोण येईल ते वेळेवर ठरव' असं सांगता यावं. तिसऱ्याने 'एकदा ठरलं की लक्षात ठेव, पुन्हा शोधत बसू नको.' समितीने हा प्रस्ताव दोनदा परत पाठवला होता. तिसऱ्यांदा परत आला तर तो कायमचा बंद, असा नियम. नेल्सनने फोन केला, "मॅडम, मी बोललो की लोक झोपतात. तुम्ही फळ्यावर समजावायचात तसं समजावा." मी निवृत्त होते आणि नोव्हेंबर होता. मी शेंगांची चटणी भरून घेतली आणि निघाले.

बुधवार, खलिफा सिटी

खलिफा सिटी हे नाव ऐकून मी मनात बुरुज वगैरे उभे केले होते. निघाल्या शांत बैठ्या व्हिला, त्यांच्या कुंपणांवर बोगनवेल, आणि मोकळे प्लॉट, जिथे वाळू अजून आपला हक्क सोडायला तयार नाही. नेल्सन, त्याची बायको सिल्व्हिया आणि तेरा वर्षांची रिया एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर राहतात. रियाशी मी मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. या घरात दोन भाषा एकमेकींना न बदलता नांदतात, हे समितीला दाखवायला हवं होतं.

घरी जायच्या आधी नेल्सनने गाडी एका कॅफेटेरियासमोर थांबवली. कॅफेटेरिया म्हणजे केरळी मंडळींचं चहापराठ्याचं छोटं दुकान. प्रत्येक वस्तीत एक तरी असतंच. नेल्सन गाडीतून उतरला नाही. त्याने हॉर्न दिला. मी शरमले. सोलापुरात हॉर्नचा अर्थ 'मी आहे' एवढाच असतो आणि त्याला कुणी उत्तर देत नाही. इथे आतून पन्नाशीचा एक गृहस्थ लगबगीने आला, हातात कागदी कपात वाफाळता करक, म्हणजे दुधात उकळलेला कडक चहा, आणि कागदात गुंडाळलेला अंडापराठा. नेल्सनने काही मागितलंच नव्हतं.

"हे अश्रफभाई," नेल्सन म्हणाला. "गाडी ओळखतात. माझं नेहमीचं आणतात."

अश्रफभाईंनी खिडकीतून मला पाहिलं, तोंडभर हसले आणि माझं नेहमीचं काय ते विचारलं. मी म्हटलं, मी आयुष्यात पहिल्यांदा आले आहे. त्यावर ते म्हणाले, "तो आज से शुरू." मी बिनसाखरेचा, आलं जास्त असा चहा सांगितला. उत्तम होता. पोटात चहा गेल्यावर हॉर्नची शरम ओसरली.

गुरुवार, अबुधाबी

समितीची बैठक ज्या परिषदेत होती तिचं हॉटेल वीस मिनिटांवर होतं आणि नम्रतेपासून पुष्कळ लांब. लॉबीत कारंजं, कारंज्याच्या वर सोनेरी घुमट, घुमटाखाली स्वागताला एक यंत्रमानव. त्याने माझा चेहरा निरखला आणि "वेलकम, सर" म्हणाला. पडद्यावर लिहिलं होतं, 'उद्याची भाषा, आज'. सूत्रसंचालकाने व्यासपीठावरच्या प्रत्येकाला द्रष्टा म्हटलं. सहावा द्रष्टा आला तोवर पहिला पेंगायला लागला होता.

खजूर मात्र खऱ्या द्रष्ट्यांच्या लायकीचे होते. त्यांच्याबरोबर वेलदोड्याच्या अरबी कॉफीचा घोटभर कप आला. मी तो संपवून परत केला, वाढणाऱ्याने भरला. पुन्हा संपवला, पुन्हा भरला. पाहुण्याने पानात टाकू नये हे माझ्यावरचे संस्कार, आणि पाहुण्याचा कप रिकामा राहू नये हे त्याच्यावरचे. सहाव्या कपाला नेल्सन धावत आला आणि कानात म्हणाला, "मॅडम, कप हलवून द्या. हलवला की पुरे." मी हलवला. वाढणारा अदबीने मागे सरला. सहा कप कॉफी पोटात घेऊन मी आमच्या प्रस्तावाच्या सुनावणीला गेले.

सुनावणी घुमटाखाली नव्हती. ती मागे भटारखान्याशेजारच्या बिनखिडकीच्या खोलीत होती. नऊ माणसं, एक प्रोजेक्टर, भांड्यांचा आवाज. खरं काम नेहमी अशाच खोलीत होतं असं माझं मत आहे. अध्यक्ष इनग्रिड, नॉर्वेच्या, माझ्याच वयाच्या, पांढरे आखूड केस, आणि समोरच्याचं वाक्य संपल्यावर तीन सेकंद थांबून बोलायची सवय. ते तीन सेकंद फार वाईट.

मी फळ्यावर समजावलं. कुणी झोपलं नाही. मग इनग्रिडबाईंनी विचारलं, एकदा ठरलेलं तुम्ही लक्षात ठेवता, छान. पण लक्षात ठेवलेलं मधेच खोटं ठरलं तर? सुपरवायझरने दुपारी नियम बदलला आणि प्रोग्रॅममधल्या शंभर जागांनी सकाळचाच लक्षात ठेवला असला तर?

नेल्सन म्हणाला, प्रत्येक वेळी वापरण्याआधी तपासून घ्यायचं.

तीन सेकंद. मग त्या सौम्यपणे म्हणाल्या, "दर वेळी विचारायचंच असेल, तर लक्षात कशाला ठेवलं?"

इतकी वर्षं मी मुलांना प्रश्न विचारायला शिकवलं आणि हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता. त्यांनी सोमवारपर्यंत लेखी उत्तर मागितलं. उत्तर नसेल तर प्रस्ताव बंद होईल, आणि त्याचं आपल्याला वाईट वाटेल, असंही त्या म्हणाल्या. मला ते खरं वाटलं, त्यामुळे आणखीच वाईट वाटलं.

शनिवार, अल मजाज आणि परत

शुक्रवारभर नेल्सन टेबलाशी बसून कागद फाडत होता. शनिवारी सिल्व्हियाने ठरवलं की मॅडम इथे रद्दी बघायला आलेल्या नाहीत. शारजाहला अल मजाजमध्ये तिची थोरली बहीण फिलोमिना राहते. तिच्याकडे जेवायला जायचं. "चला, यल्ला," म्हणत तिने आम्हाला नेल्सनच्या गाडीत कोंबलं. नेल्सन घरीच राहिला.

वाटेत दोन्ही बाजूंना वाळवंट, आणि त्याला तारेचं कुंपण. वाळवंटाला कुंपण मी प्रथमच पाहिलं. आत उंट निवांत उभे होते. मला ते कॉलेजच्या कुलगुरूंसारखे वाटले, मान उंच आणि कसलीच घाई नाही. अल मजाजमध्ये उंच इमारतींचा घोळका खाडीच्या तळ्याभोवती उभा आहे आणि प्रत्येक बाल्कनीत कुणाचं तरी घर वाळत घातलेलं आहे. फिलोमिनाबाईंचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. खाली निळं पाणी, वर वसईहून बाटलीत भरून आलेल्या मसाल्यातली कोंबडी आणि गरम फुगे, म्हणजे गोल तळलेले, आतून पोकळ, गोडसर पाव. मी शेंगांची चटणी काढली. फुग्यात चटणी भरून खायचा शोध त्या दुपारी लागला, आणि परिषदेतल्या साऱ्या द्रष्ट्यांपेक्षा तो टिकेल असं मला वाटतं.

"सोलापुराला समुद्र नाही?" फिलोमिनाबाईंनी काळजीने विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्या पानात आणखी कोंबडी वाढली, जणू नुकसानभरपाई. रिया म्हणाली, "मावशी, शी इज फुल." मावशींनी ते ऐकलं नाही. मी ताट हलवून पाहिलं. इथे तो नियम चालत नव्हता.

परतताना खलिफा सिटीत संध्याकाळ झाली होती. सिल्व्हियाने कॅफेटेरियासमोर गाडी लावून हॉर्न दिला. पाच-सहा गाड्या उभ्या होत्या आणि अश्रफभाईंसह तिघं त्यांच्यामधून फिरत होते. अश्रफभाई नेल्सनचा चहा आणि अंडापराठा घेऊन निघाले, निम्म्या वाटेवर त्यांना चाकामागे सिल्व्हिया दिसली, आणि ते उलट फिरून तिचा चहा घेऊन आले. गाडी तीच, माणूस वेगळा. ते आधी चेहरा पाहतात. कोण आहे ते ऐनवेळी पाहायचं, एवढं आमच्या प्रस्तावातही होतं. मी मनात त्यांना पैकीच्या पैकी मार्क दिले.

तेवढ्यात आतून तव्यामागच्या माणसाने काचेवर उलथणं आपटलं आणि एकच आरोळी ठोकली, "पराठा खलास!"

नंतर जे झालं ते सिल्व्हिया आणि रियाला दिसलंही नसेल. आमच्या शेजारच्या गाडीत पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले एक अरब गृहस्थ होते. अश्रफभाई त्यांच्याकडे निघाले होते. आरोळी ऐकली, आणि रोजचं आणण्याऐवजी ते खिडकीशी वाकून विचारायला लागले, आज काय देऊ? पलीकडच्या दोन गाड्यांशी दुसरे दोघंही तसेच वाकले. तिघांपैकी कुणी आत जाऊन पराठा आहे का म्हणून विचारलं नव्हतं. एरवीही कुणी विचारत नव्हतं. ज्याच्याकडचं बदललं तो एकदाच ओरडला, आणि ज्यांनी ज्यांनी लक्षात ठेवलं होतं त्या सगळ्यांनी ते त्याच क्षणी टाकून दिलं.

"मॅडम, तुम्हाला पराठाच हवा होता का?" सिल्व्हियाने विचारलं. "चेहरा असा काय झाला?"

मी पेन मागितलं आणि टिश्यूच्या खोक्यावर लिहायला लागले.

घरी नेल्सन फाटक्या कागदांत बसला होता. मी खोकं त्याच्यापुढे ठेवलं. "तव्यामागचा माणूस राहिला आपला," मी म्हटलं. "लक्षात ठेवायचं चिन्ह दिलं. विसरायला लावायचं दिलंच नाही."

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. "मॅडम, हे मी सात वर्षं रोज बघतोय," तो म्हणाला, आणि इतका हसला की रिया खोलीतून बाहेर येऊन "इज डॅडी ओके?" विचारून गेली. रविवारी ते तिघं चर्चहून आल्यावर आम्ही दोघांनी बसून चौथं चिन्ह लिहून काढलं. नियम बदलणारा एकदा ओरडेल. ऐकणाऱ्या सगळ्या जागा लक्षात ठेवलेलं टाकतील. एरवी कुणी कुणाला विचारणार नाही.

सोमवार, अबुधाबी

सकाळी आम्ही लेखी उत्तर दिलं, पण दुपारपर्यंतचा सगळा वेळ पहिल्या चिन्हात गेला. विचित्र नावं अवतरणचिन्हात लिहायची की आणखी कशात, यावर नऊ जणांची अकरा मतं होती. विषय जितका किरकोळ तितकं मत ठाम, हा अनुभव मला हाउसिंग सोसायटीच्या सभांतून होताच. तो जागतिक आहे हे कळून बरं वाटलं. शेवटी तो भाग वेगळा काढून पुढच्या बैठकीवर ढकलला. त्यावाचून सांगकाम्याचं अडणार नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत इनग्रिडबाई घुमटाखालच्या बर्फात कोरलेल्या ससाण्याकडे पाहत एकट्या उभ्या होत्या. मी नेल्सनला म्हटलं, यांना कॅफेटेरियात नेऊ. तो घाबरला, अध्यक्षांना, परीक्षेच्या दिवशी? पण बाई म्हणाल्या की चार दिवसांत त्यांनी रस्ता पाहिलेला नाही, आणि निघाल्यासुद्धा.

कॅफेटेरियासमोर आम्ही त्यांना चालकाच्या जागी बसवलं आणि हॉर्न द्यायला सांगितलं. त्या देईनात. त्यांच्या देशात हॉर्न रस्त्यात सांबरासारखं मोठं जनावर आलं तर देतात, माणसाला नाही. शेवटी डोळे मिटून त्यांनी एवढासा हॉर्न दिला. अश्रफभाई नेल्सनचं नेहमीचं घेऊन निघाले, चाकामागे अनोळखी गोऱ्या बाई पाहिल्या, थबकले आणि रिकाम्या हाताने खिडकीशी येऊन विचारते झाले. बाई चहा प्यायल्या. मग पराठा. मग दुसरा पराठा. गाड्यांमधली ये-जा पाहत त्यांनी नेल्सनला सांगितलं, याला विचार, आत पराठा शिल्लक आहे हे याला बाहेर कसं कळतं?

नेल्सनने विचारलं. अश्रफभाईंना प्रश्नच चमत्कारिक वाटला.

"खतम होगा तो अंदरवाला चिल्लाएगा ना," ते म्हणाले. "हर बार अंदर जाके पूछेगा तो चाय ठंडा."

नेल्सनने भाषांतर केलं. तीन सेकंद गेले. या वेळी त्या हसल्या आणि त्यांनी आमचा लेखी कागद पर्समधून काढून पुन्हा वाचला, पराठ्याच्या तेलकट बोटांनी.

दुपारी दहा मिनिटांत निकाल लागला. दुसरं, तिसरं आणि चौथं चिन्ह मंजूर. मागचं दार बुजण्याआधी पुढचं उघडणार. नेल्सन कॉरिडॉरमध्ये गेला, भिंतीकडे तोंड करून सिल्व्हियाला फोनवर हळू आवाजात दोन वाक्यं बोलला, आणि मग कारंज्याच्या कठड्यावर बसून त्याने एकामागून एक सात खजूर खाल्ले. यंत्रमानव त्याला "वेलकम, सर" म्हणाला. त्या एकदाच ते मला योग्य वाटलं.

सोलापूर

मंगळवारी विमानतळावर जाताना नेल्सनने कॅफेटेरियापाशी गाडी हळू केली. मी हात लांब करून स्वतः हॉर्न वाजवला. अश्रफभाई बिनसाखरेचा, आलं जास्त असा चहा घेऊन आले. विचारलं नाही.

महिन्याभराने समितीचा अधिकृत मसुदा आला. थोरलीच्या कागदपत्रांत उदाहरणं नेहमी वर्तुळांची आणि चौकोनांची असतात. चौथ्या चिन्हाखाली इनग्रिडबाईंनी स्वतः उदाहरण लिहिलं होतं, त्यात एक तवा होता, तीन वाढपी होते आणि पराठा होता. नेल्सनने ते छापून अश्रफभाईंना दाखवलं आणि ओळ न् ओळ हिंदीत सांगितलं. त्यांनी चष्मा लावून ऐकलं. म्हणाले, सगळं बरोबर आहे, एक गोष्ट चुकली. पराठा संपल्यावर ओरडून काय उपयोग? तोवर एकजण ऑर्डर घेऊन निघालेला असतो. शेवटचा गोळा तव्यावर पडला की ओरडायचं.

नेल्सनने हे भीत भीत समितीला कळवलं. दुसऱ्या दिवशी मसुद्यातल्या दोन ओळींची अदलाबदल झालेली दिसली. आधी आरोळी, मग शेवटचा पराठा. खाली सुधारणा सुचवणाऱ्यांची नावं असतात, नावापुढे संस्थेचं नाव लिहायची पद्धत आहे. तिथे विद्यापीठं आहेत, मोठमोठ्या कंपन्या आहेत, आणि शेवटी एक ओळ: अश्रफ, कॅफेटेरिया, खलिफा सिटी.